मानेची नस, बुद्धीचं भांडवल

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या एखाद्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर तासभर बसलं, तर मानेतल्या अरुंद झालेल्या नसेबद्दल एकमेकांच्या विरुद्ध जाणारे सल्ले फुकटात ऐकायला मिळतात. एक जण म्हणतो, मानेला चिरा देऊ नका. नस जेवढा वेळ चिमट्यात धरतात तेवढा वेळ मेंदू उपाशी राहतो, माणूस वाचतो पण डोकं जातं. त्यापेक्षा जांघेतून स्प्रिंग टाकून घ्या. दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, स्प्रिंग टाकताना चरबीचा चुरा सुटून सरळ मेंदूत जातो आणि म्हातारा पुढं नातवाचं नाव विसरतो, ऑपरेशनच करा. तिसरा या दोघांच्या वरचढ. त्याच्या मते काहीही करा पण नस मोकळी करा, म्हणजे आण्णांचं विसरणंही थांबेल.

ही तिन्ही मतं अडाण्यांची नाहीत. शिकलेली मुलं मोबाइलवर वाचून ती मांडतात, काही ठिकाणी पांढऱ्या कोटातली माणसंही मांडतात. तिघांचं गृहीतक एकच आहे, की शस्त्रक्रिया की स्टेंट, म्हणजे ती स्प्रिंग, हा निर्णय बुद्धीच्या हिशेबानं करायचा. माझा झगडा या गृहीतकाशी आहे. या दोन उपचारांतला एक निवडताना स्मरणशक्तीला पंच करावं इतका पुरावा जगात कुणाकडंच नाही. जो भक्कम पुरावा आहे तो लकव्याबद्दलचा आहे. तो बाजूला सारून बुद्धीचा वाद घालत बसल्यामुळं जे नुकसान होतं, ते या दोन्ही उपचारांच्या दुष्परिणामांहून मोठं आहे.

आधी नसेबद्दल थोडं, कारण गैरसमजाचं मूळ तिथं आहे. जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटं ठेवली की ठोका लागतो, ती कॅरोटिड. तिथंच ती दुभंगते. एक फांदी चेहऱ्याकडं, दुसरी मेंदूकडं. या फाट्यावर वर्षानुवर्षं चरबीचा, चुनखडीचा थर बसत जातो. तंबाखू, बिडी, रक्तदाब आणि साखर हे त्याचे पुरवठादार. मानेच्या डॉपलर सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘७० टक्के’ असं दिसलं की घरचे धरून चालतात, मेंदूला आता ३० टक्केच रक्त जातंय. तसं नसतं. दोन बोअरचं पाणी एकाच हौदात पडत असेल, तर एका बोअरची धार बारीक झाली म्हणून हौद लगेच कोरडा पडत नाही. मानेतून वर जाणाऱ्या चार नसा मेंदूच्या तळाशी एका कड्याला जोडलेल्या असतात आणि एकीची कसर दुसरी भरून काढते. काहींचं हे कडं जन्मतःच अपुरं असतं, त्यांना खरोखर रक्त कमी पडू शकतं. पण ते रिपोर्टवरच्या टक्क्यांवरून कळत नाही. बहुतेकांच्या बाबतीत भीती असते ती थरावरून सुटून वर जाणाऱ्या तुकड्याची. तो तुकडा कुठं अडकेल त्यावर हात जाईल, वाचा जाईल की डोळा, ते ठरतं.

आता पहिल्या मताकडं येऊ. नस उघडून आतला थर सोलून काढण्याची ही शस्त्रक्रिया नवी नाही. १९५३ साली ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी ती केली आणि तेव्हापासून तिचा हिशेब जितक्या कसोशीनं ठेवला गेला तितका फार थोड्या शस्त्रक्रियांचा ठेवला गेला असेल. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट या अभ्यासाचे आकडे आले. ज्यांची नस ७० टक्क्यांहून अधिक अरुंद होती आणि ज्यांना त्या बाजूचा लहानसा झटका येऊन गेला होता, अशांना नुसत्या औषधांवर ठेवलं तेव्हा दोन वर्षांत २६ टक्क्यांना त्याच बाजूचा लकवा झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्क्यांना. आजची औषधं १९९१ पेक्षा पुष्कळ सुधारली आहेत, त्यामुळं आज ही दरी तेवढी रुंद नसेल. तरी ज्याला झटका येऊन गेला आहे त्याच्यासाठी नस साफ करण्याचा आधार अजून हाच आहे.

‘नस चिमट्यात धरली की मेंदू उपाशी’ हे ऐकायला पटतं. पण सर्जनलाही ते ठाऊक असतं. म्हणून चिमटा लावल्यावर मेंदू तग धरतोय का ते पाहतात, आणि धरत नसेल तर तात्पुरती नळी घालून रक्त पुढं चालू ठेवतात. काही ठिकाणी नुसती मान बधिर करून काम चालतं. रुग्ण जागा असतो, त्याला हातातला चेंडू दाबायला सांगतात, बोलतं ठेवतात. मग पूर्ण भूल वाईट आणि जागेपणी चांगलं, असं म्हणावं का? गाला नावाच्या अभ्यासात ३५२६ रुग्णांवर हेच तपासलं आणि २००८ साली निकाल लागला. महिन्याभरात लकवा, हार्ट अटॅक किंवा मृत्यू यांचं प्रमाण पूर्ण भुलीत ४.८ टक्के आणि मान बधिर करून ४.५ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. हा अभ्यास स्मृतीचा नव्हता हे मान्य. पण भुलीनं मेंदूचा मोठा घात होत असता, तर त्याची सावली या आकड्यांवर पडली असती.

तरीही ‘ऑपरेशननंतर बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत’ असं सांगणारी घरं भेटतात आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांनी पाहिलेलं खरं असतं, लावलेला अर्थ चुकलेला असतो. सत्तरीतलं माणूस आयसीयूत दोन रात्री काढतं, दिवस-रात्रीचं भान सुटतं, बरळतं, सलाइनची नळी ओढतं. ही अवस्था घाबरवणारी असली तरी ती बहुधा ओसरते, आणि ती गुडघ्याच्या किंवा मुतखड्याच्या ऑपरेशननंतरही येते. दुसरं कारण जास्त फसवं आहे. मानेत जिथं चिरा देतात तिथून जिभेचे, आवाजाचे आणि ओठाचे मज्जातंतू जातात. त्यांना ताण बसला की आवाज घोगरा होतो, जीभ एका बाजूला वळते, शब्द जड पडतात. क्रेस्ट या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ४.७ टक्के लोकांना असा त्रास झाला, स्टेंटच्या गटात जवळजवळ कुणालाच नाही. बहुतेकांचा तो काही महिन्यांत बरा होतो. पण गावाकडं जड जिभेचा माणूस म्हणजे डोक्यानं गेलेला माणूस, असा हिशेब पक्का आहे. विचार शाबूत असतो, जीभ साथ देत नसते, आणि पारावर निकाल लागून जातो.

दुसऱ्या मताला, म्हणजे स्टेंटविरोधकांना, मी जास्त मान देतो, कारण त्यांच्या हातात एक खरा आकडा आहे. जांघेतून वर नेलेली तार छातीतल्या महाधमनीच्या कमानीला वळसा घालून मानेत जाते. म्हाताऱ्या माणसाची ती कमान थरांनी खरखरीत झालेली असते. वाटेत चुरा सुटतो, नस फुगवताना अजून सुटतो. तो अडवायला छोटी छत्रीसारखी गाळणी लावतात, पण ती सगळंच अडवत नाही. आयसीएसएस या आंतरराष्ट्रीय अभ्यासात काही रुग्णांचं उपचाराआधी आणि नंतर एमआरआय केलं. २०१० साली छापून आलेला निष्कर्ष असा, की स्टेंट टाकलेल्यांपैकी ५० टक्क्यांच्या मेंदूत नवे बारीक ठिपके दिसले, शस्त्रक्रिया झालेल्यांत १७ टक्क्यांच्या. तिपटीचा फरक. हे वाचून कुणीही म्हणेल, झालं, वाद संपला.

संपला नाही. ठिपके दिसतात, पण ते दिसल्यानं माणूस मंद होतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याच अभ्यासातल्या काही रुग्णांच्या स्मृती, लक्ष, भाषा यांच्या सविस्तर चाचण्या उपचाराआधी आणि सहा महिन्यांनी घेतल्या, आणि २०११ साली ते निकाल आले. ठिपके स्टेंटच्या गटात जास्त होते, पण दोन्ही गटांच्या बुद्धीत ठामपणे सांगता येईल असा फरक निघाला नाही. आकड्यांचा झुकाव शस्त्रक्रियेच्या बाजूनं होता, पण तो निव्वळ योगायोगानंही येऊ शकेल इतकाच. आता यावरून ‘स्टेंटनं बुद्धीला काहीच होत नाही’ असं कुणी म्हणालं तर तेही चूक आहे. पाहणी लहान होती, सहा महिने हा काळ लहान होता. एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं, की ज्या परिणामाच्या भीतीनं घरं दुभंगतात तो शोधायला गेलेल्यांना तो हाती लागला नाही. घरं घाबरतात तेवढा मोठा परिणाम असता, तर तो लपून राहिला नसता.

मग ते ठिपके निरुपद्रवी आहेत का? तसंही मी म्हणणार नाही. स्टेंटनंतर ज्यांच्या मेंदूत असे ठिपके दिसले, त्यांना पुढच्या वर्षांत लकव्याचे झटके जास्त आले, असं याच अभ्यासाच्या पाठपुराव्यात दिसलं. पण इथंही हिशेब पुन्हा लकव्यावरच येतो. आणि लकव्याचा थेट हिशेब आपल्याकडं आहे. २०१० सालच्या क्रेस्टमध्ये २५०२ रुग्ण होते. उपचाराच्या आसपासच्या दिवसांत लकवा स्टेंटच्या गटात ४.१ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात २.३ टक्के, हार्ट अटॅक उलट, १.१ आणि २.३. त्याच वर्षी युरोपातल्या तीन अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा वयाची रेघ स्पष्ट उमटली. सत्तरीच्या आतल्यांत पहिल्या चार महिन्यांतला लकवा किंवा मृत्यू स्टेंटनं ५.८ आणि शस्त्रक्रियेनं ५.७ टक्के, जवळपास सारखाच. सत्तरी ओलांडलेल्यांत स्टेंटनं १२ टक्के, शस्त्रक्रियेनं ५.९. झटका येऊन गेलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसासाठी मला यापेक्षा मोठं कारण लागत नाही. त्याला बुद्धीची पुस्ती जोडायची गरजच काय?

आता या सगळ्या वादात ज्या गोष्टीचं मला सर्वांत नवल वाटतं ती सांगतो. बुद्धी कमी झाली, बुद्धी वाढली, असं जो तो म्हणतो, मोजली कुणी?

निलंगा तालुक्यातल्या एक आजी. मुलगा घेऊन आला होता. ‘माय लई इसरायलीय, डॉक्टर. नसंमुळंच असंल का?’ खोलीत एक तरुण डॉक्टर छापील कागद घेऊन बसला. आज तारीख किती, आजी? आजी म्हणाल्या, ‘आमुशा हाय की आज.’ कागदावर शून्य. शंभरातून सात वजा करत जा. आजींनी पोराकडं पाहिलं. शून्य. एक वाक्य लिहा. आजींनी आंगठा पुढं केला. गेंड्याचं चित्र दाखवलं, तर ‘डुकरावानी दिसतंय, पर शिंग कामून?’ असा प्रतिप्रश्न आला. घड्याळ काढा म्हटल्यावर त्यांनी पेन्सिल हातात धरली, उलटसुलट पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली. बेरीज झाली ती स्मृतिभ्रंशाच्या खात्यात जाणारी. जाता जाता मुलानं आडतीचा विषय काढला, आणि याच आजींनी सोयाबीनच्या पोत्यांचं वजन, हमाली, तोलाई, कडता सगळं तोंडी वजा करून पट्टीवर किती यायला पाहिजे होते आणि आडत्यानं किती दिले ते सांगितलं. मुलानं मोबाइलवर पडताळलं. बरोबर होतं.

त्या छापील कागदावरचा गेंडा आणि घड्याळ माँट्रियलच्या चाचणीतलं. वजाबाकी आणि वाक्य दुसऱ्या एका अमेरिकी चाचणीतलं. दोन्ही शाळा शिकलेल्या माणसांसाठी केलेल्या. माँट्रियलच्या चाचणीचं मराठी रूप आहे, कमी शिकलेल्यांना त्यात एक गुण वाढवून देतात. पण ज्यानं पेन्सिल धरली नाही त्याची कसर एका गुणानं भरत नाही. याची जाण या देशात फार पूर्वी आली होती. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर खेडुतांसाठी हिंदीत एक चाचणी घडवली गेली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात, ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी मी करतो तसं करून दाखवा म्हणतात. तीस वर्षं झाली. मराठवाड्याच्या बोलीत, मुखेड-देगलूरच्या शेतकरी बाईला विचारता येईल अशी चाचणी नसेच्या उपचाराआधी कुणी नेमानं वापरताना मला दिसलेलं नाही.

आणि एकदाच मोजून भागत नाही. उपचाराआधी मोजायला हवं आणि नंतरही. दुसऱ्या खेपेला तोच कागद दिला तर माणूस शिकलेला असतो, गुण आपोआप वाढतात. ती वाढ उपचाराची मानली की जाहिरात तयार. मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला चित्र दिसत नाही, कमी ऐकणाऱ्याला प्रश्न कळत नाही, मुलगा गेल्याच्या दुःखात असलेल्या माणसाचं कशातच चित्त नसतं. यातलं काहीही न तपासता ‘स्टेंटनं डोकं गेलं’ म्हणणारा आणि ‘ऑपरेशननं डोकं गेलं’ म्हणणारा, दोघंही अंदाजपंचे बोलतात.

तिसऱ्या मताबद्दल मी सौम्य राहणार नाही, कारण त्यात विक्रीचा वास आहे. घाऊक तपासणीच्या पॅकेजात हल्ली मानेचं डॉपलरही असतं. काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या रिपोर्टवर साठ-सत्तर टक्के येतं आणि मग ‘म्हणूनच तुम्ही विसरताय’ हे वाक्य येतं. कुणाला ते विसरणं आठवत नाही? साठीनंतर चष्मा कुठं ठेवला हे प्रत्येक जण विसरतो. नसेचा आजार आणि मंदावलेली स्मृती एकाच माणसात सापडतात हे खरं आहे. ज्या रक्तदाबानं आणि साखरेनं मोठी नस बिघडवली त्यांनीच मेंदूतल्या बारीक नसाही बिघडवलेल्या असतात. मोठी नस साफ केली म्हणून बारीक नसा दुरुस्त होत नाहीत. एका बाजूची कॅरोटिड पूर्ण बंद पडलेल्यांना डोक्याच्या कातडीतली नस मेंदूतल्या नसेला जोडून रक्त वाढवलं तर स्मृती सुधारते का, हे अमेरिकेत रेकॉन नावाच्या अभ्यासात तपासलं. सुधारली नाही. विनालक्षण रुग्णांवरच्या एसीएसटी-१ या जुन्या मोठ्या अभ्यासातल्या ब्रिटन आणि स्वीडनच्या लोकांचा पुढं वर्षानुवर्षं माग काढला. लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांत आणि थांबलेल्यांत स्मृतिभ्रंशाच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. काही छोट्या पाहण्यांत सुधारणा दिसते, पण त्यांतल्या बहुतेकांत तुलनेला दुसरा गटच नसतो. विनालक्षण लोकांची अशी सरसकट तपासणी करू नका, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या समितीनं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं.

यावर स्टेंटवाले नव्या क्रेस्ट-२ कडं बोट दाखवतील, आणि दाखवावं. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे निकाल आले. विनालक्षण पण ७० टक्क्यांवर अरुंद नस असलेल्यांत कसून औषधं दिलेल्यांपैकी चार वर्षांत ६ टक्क्यांना, औषधांसोबत स्टेंट टाकलेल्यांपैकी २.८ टक्क्यांना लकव्याची किंवा उपचाराच्या सुमारास मृत्यूची आपत्ती आली. शस्त्रक्रियेच्या बाजूनं मात्र ठाम फायदा निघाला नाही. हा निकाल महत्त्वाचा आहे आणि पुढं सल्ले बदलतील. पण तो लकव्याचा निकाल आहे, आणि तो पारखून निवडलेल्या हातांचा आहे. त्या अभ्यासात स्टेंट टाकायची परवानगी मिळवायला डॉक्टरांना आपली आधीची कामं तपासून घ्यावी लागली. महिन्याकाठी मानेतला एखादाच स्टेंट टाकणाऱ्यानं हे आकडे आपल्या भिंतीवर लावू नयेत.

जाता जाता एक. बुद्धीच्या भीतीनं ऑपरेशन टाळणारी हीच मंडळी कोलेस्टेरॉलची गोळी मात्र बिनदिक्कत बंद करतात, कारण ‘ती मेंदू खाते’ असा निरोप कुठून तरी आलेला असतो. वीस हजारांवर लोकांच्या ब्रिटिश अभ्यासात या गोळीनं बुद्धीत फरक पडला नाही. क्वचित कुणाला विसराळूपणा जाणवतो, तोही गोळी थांबवली की जातो. नस मोकळी करून गोळी बंद करणं म्हणजे पैसे पाण्यात.

बुद्धी खरी कशानं जाते? लकव्यानं. २००९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अनेक पाहण्यांचा गोषवारा मांडला. पहिल्या लकव्यानंतर लवकरच सुमारे दहातल्या एकाला नव्यानं स्मृतिभ्रंश होतो. लकवा पुन्हा आला की हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर जातं. स्टेंट आणि शस्त्रक्रिया यांच्यातला बुद्धीचा फरक भिंगानं शोधूनही सापडत नाही आणि हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. ज्याला बापाच्या बुद्धीची काळजी आहे त्यानं दुसरा झटका टाळावा. आणि दुसरा झटका वाट पाहत नाही.

ऑक्सफर्डच्याच पीटर रॉथवेल यांनी २००४ मध्ये जुन्या अभ्यासांचे आकडे उपचाराला लागलेल्या वेळेनुसार मांडले. झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर पाच जणांमागं एकाचा लकवा टळतो. बारा आठवडे उलटून गेल्यावर केली, तर एक लकवा टाळायला सव्वाशे जणांवर शस्त्रक्रिया करावी लागते. पाच आणि सव्वाशे. मानेच्या नसेबद्दल एकच गोष्ट भिंतीवर रंगवायची असेल तर मी हे दोन आकडे रंगवीन.

आपल्याकडं ते दोन आठवडे कसे जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुखेडजवळच्या एखाद्या गावात आबांच्या हातातली चहाची कपबशी पडते. दहा मिनिटं हात उचलत नाही, शब्द सुटत नाही, मग सगळं ठीक होतं. ठीक झालं म्हणून दोन दिवस कुणी बोलत नाही. गावातला डॉक्टर सलाइन लावतो, शक्तीचं इंजेक्शन देतो. एका डोळ्यापुढं पडदा आल्यासारखं होऊन गेलं असेल, तर डोळ्यांच्या दवाखान्यात एक आठवडा. मग नांदेड, एमआरआय, डॉपलर. रिपोर्टवर ८० टक्के. इथून खरी चर्चा सुरू होते. पुण्यातला मेहुणा म्हणतो स्टेंट, हैदराबादला असलेला भाचा म्हणतो ऑपरेशन, आणि दोघंही कारण देतात आबांच्या डोक्याचं. सोयाबीन काढणी तोंडावर असते, ‘दिवाळी होऊ द्या’ असं ठरतं. ज्यांच्यासाठी प्रत्येक दिवस मोलाचा होता त्यांचे सहा-सात आठवडे बुद्धीच्या चर्चेत जातात. आबांना पहाटे दुसरा झटका येतो, तेव्हा उजवी बाजू जाते आणि वाचाही. ज्या बुद्धीसाठी एवढं भांडण झालं, ती त्याच पहाटे गेलेली असते.

मला याहून कडवट वाटते ती दुसरी गोष्ट. बुद्धीचा मुद्दा कोणत्या बाजूनं मांडला जातो, हे बऱ्याचदा दवाखान्यात काय आहे त्यावर ठरतं. कॅथलॅब आता लातूरलाही आहे, नांदेडलाही. हृदयात स्टेंट टाकणारे हात तिथं आहेत आणि त्यांतले काही फार चांगले आहेत. रक्तवाहिन्यांचा सर्जन मात्र शोधावा लागतो. लातूरकर त्यासाठी सोलापूर-पुण्याकडं बघतो, नांदेडकर हैदराबादकडं. त्यामुळं सत्तरी पार केलेल्या माणसालाही ‘चिऱ्यानं डोक्यावर परिणाम होतो’ असं सांगून इथंच थांबवणं सोयीचं पडतं. मोठ्या शहरात, जिथं सर्जन हाती आहे, तिथं चुऱ्याची भीती घालणंही तितकंच सोयीचं. तेव्हा बुद्धीचं नाव घेणाऱ्या डॉक्टरला रुग्णानं एक साधा प्रश्न विचारावा: तुम्ही स्वतः गेल्या वर्षी मानेची अशी किती कामं केली आणि त्यातल्या किती जणांना लकवा झाला? चांगला डॉक्टर चिडत नाही, आकडा सांगतो.

‘मग सरकारनं इथंच सोय करावी’ असं म्हणणारे बरोबर आहेत, पण थोडं थांबून बोलावं. २०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात होते, हे आपण विसरलेलो नाही. जिथं औषधं आणि माणसं यांचीच ओरड आहे तिथं उद्या कॅरोटिडचं पथक उभं राहील, असं आश्वासन मी कुणाला देणार नाही. जे आज होऊ शकतं ते वेगळं आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत नांदेड होता. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राचं टेबल आपल्या लोकांना माहीत झालं आहे. त्या टेबलावर मानेच्या नसेचा कागद आला की पहिल्या झटक्याची तारीख त्यावर ठळक लिहिली जावी आणि मंजुरीची घाई त्या तारखेनुसार व्हावी. यासाठी नवी इमारत लागत नाही.

आणि बुद्धीचं काय? तिला मी वाऱ्यावर सोडा म्हणत नाही. लातूर-नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मानसोपचार आणि न्यूरोच्या विभागांनी आपल्या बोलीतली, निरक्षर माणसाला चालेल अशी छोटी चाचणी बल्लभगडच्या धर्तीवर बेतावी. आमुशा सांगणाऱ्या आजीला तिच्यात गुण मिळावेत. नसेचं काम करण्याआधी दहा मिनिटं ती घ्यावी, सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यावी. असे दोनशे-चारशे कागद जमा झाले, की मराठवाड्यातल्या माणसाच्या बुद्धीवर स्टेंटनं काय होतं आणि शस्त्रक्रियेनं काय होतं, यावर बोलायला आपल्याकडं काहीतरी असेल. तोवर आबांचं वय चौऱ्याहत्तर, झटका नऊ दिवसांपूर्वीचा आणि नस ८० टक्के असेल, तर पुण्याच्या मेहुण्याचा फोन घ्यायची गरज नाही. जिथं सर्जनचा हात चांगला आहे तिथल्या दवाखान्याला आजच फोन करा, कागद व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि संध्याकाळची गाडी धरा.